गृहपाठाकडून गृह-अध्ययनाकडे : प्राथमिक स्तरावरील विषयनिहाय घरगुती उपक्रमांचे स्वरूप व मर्यादा

गोषवारा

प्राथमिक शाळेतील मुलाच्या घरी होणाऱ्या अध्ययनाला व्यवहारात 'गृहपाठ' एवढाच अर्थ उरला आहे. प्रस्तुत लेखात भाषा, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी आणि कला-कार्यानुभव या विषयांसाठी घरात सहज करता येतील अशा उपक्रमांचे स्वरूप स्पष्ट केले आहे. घरगुती उपक्रम केवळ घरात घडल्याने शैक्षणिक ठरत नाही. घरातील कृती, तिच्याविषयीचा संवाद आणि शाळेत होणारी तिची परतफेड हे तीन टप्पे पूर्ण झाले तरच त्यातून अध्ययन घडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : गृहपाठ, गृह-अध्ययन, ज्ञानरचनावाद, परिसर अभ्यास, पालक-सहभाग.

१. प्रास्ताविक

'घर ही मुलाची पहिली शाळा होय' हे वाक्य पालकसभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात प्राथमिक शाळेतील मुलाच्या घरी जे चालते, ती बहुधा शाळेचीच पुनरावृत्ती असते. धडा पाहून लिहिणे, पाढे पाच वेळा लिहिणे, प्रश्नोत्तरे पाठ करणे असे त्याचे स्वरूप असते. ज्या घरातील पालक शिकलेले आहेत त्या घरी हे काम रेटून पूर्ण होते, आणि ज्या घरातील पालकांना अक्षरओळख नाही त्या घरी ते अपुरे राहते. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र दोन्ही मुलांच्या वह्या एकाच मापाने तपासल्या जातात.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि हा प्रश्न अधिक ठळकपणे समोर आला. त्या काळात महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा कार्यक्रम राबविण्यात आला. सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिकेने घरातील साहित्य व घरातील माणसे यांच्या आधारे शिकण्याची कल्पना दूरचित्रवाणीवरून मांडली. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर मात्र यातील बराच विचार मागे पडला आणि लेखी गृहपाठ पूर्वीच्याच जागी आला.

केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने इयत्ता दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा, असे सुचविले आहे. लहान मुलांना आदल्या संध्याकाळी घरी काय केले, कोणते खेळ खेळले, काय खाल्ले, याविषयी वर्गात बोलू द्यावे, असेही हे धोरण सांगते. या सूचनेचे मर्म असे की, घरातून शाळेत लिहिलेली वही येण्याऐवजी घरातील अनुभव यावा. प्रस्तुत विवेचनाचा आरंभबिंदूही हाच आहे.

२. वैचारिक पार्श्वभूमी

घरातील व परिसरातील कामाला शिक्षणात स्थान देण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले व अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. बियाणे, शंख-शिंपले, माती अशा स्थानिक वस्तूंपासून शैक्षणिक साधने करता येतात, हे या कार्याने दाखवून दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडणे हे आपले पहिले मार्गदर्शक तत्त्व मानले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

मानसशास्त्रीय दृष्टीने वायगॉट्स्की यांचा 'निकट विकासक्षेत्रा'चा विचार येथे उपयुक्त ठरतो. मूल जे एकटे करू शकत नाही, पण जाणत्या व्यक्तीच्या सोबतीने करू शकते, त्या टप्प्यावर अध्ययन घडते. ही जाणती व्यक्ती पदवीधर असावी लागत नाही. भाकरी थापणारी आई, बैलगाडीचे चाक बसविणारे आजोबा किंवा दुकानाचा हिशोब ठेवणारी मोठी बहीण हे सर्व आपापल्या क्षेत्रातील जाणतेच होत. अमेरिकेतील लुइस मोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कष्टकरी कुटुंबांतील अशा ज्ञानाला 'ज्ञाननिधी' या अर्थाची संज्ञा वापरली.

तथापि घरातील ज्ञान आपोआप शाळेत उतरते, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. १९८५ मध्ये नुनेस, कॅराहर व श्लीमन यांनी ब्राझीलमधील रेसिफे येथे रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. विक्री करताना विचारलेली सुमारे ९८ टक्के उदाहरणे या मुलांनी बरोबर सोडविली. तशीच उदाहरणे कागदावर केवळ अंकांत दिल्यावर हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी असेच निरीक्षण मांडले. बाजारातील गुंतागुंतीचे हिशोब तोंडी करणारी मुले शाळेतील साध्या मांडणीपाशी अडखळत होती. शाळेत गणित शिकणारी मुले बाजारातील व्यवहारापाशी अडत होती. दोन्हीकडे ज्ञान होते, पण त्यांना जोडणारा पूल नव्हता. हा पूल बांधणे हे शिक्षकाचे कार्य असून घरगुती उपक्रमाची खरी कसोटी तेथेच लागते.

३. घरगुती उपक्रमाचे निकष

वरील विवेचनावरून घरगुती उपक्रम निवडताना पुढील निकष लक्षात घेणे आवश्यक ठरते.

(१) उपक्रमासाठी काहीही विकत आणावे लागू नये.
(२) मोठ्या माणसाला लिहिता-वाचता येत नसले तरी त्याला सहभागी होता यावे.
(३) उपक्रम घरातील चालू कामात सामावणारा असावा. त्यासाठी घरच्यांना वेगळा वेळ काढावा लागू नये.
(४) त्यात मुलाने काहीतरी मोजावे, निरखावे, विचारावे किंवा ताडून पाहावे.
(५) त्यातून शाळेत नेता येईल अशी एखादी खूण निघावी. ती चार शब्द, एक आकृती, काड्यांची जुडी किंवा केवळ लक्षात ठेवलेली हकिकतही असू शकते.

४. विषयनिहाय उपक्रम

४.१ भाषा : प्राथमिक स्तरावर वाचनाचा पाया बोलीत असतो. मालवणी घरात मुलगा 'झील' व मुलगी 'चेडू' असते. अहिराणी घरात मुलगा 'आंडोर' असतो. पाठ्यपुस्तकातील मराठी या मुलांना अर्धी परकी वाटते. म्हणून 'घरचा शब्द व पुस्तकातला शब्द' अशी दोन रकान्यांची यादी हा पहिला उपक्रम म्हणता येईल. स्वयंपाकघरातील भांडी, शेतीची अवजारे, नात्यांची नावे, पावसाचे प्रकार असा एकेक विषय आठवड्याला घ्यावा. बोलीतला शब्द चुकीचा नसून दुसरा आहे, ही जाणीव यातून मुलाला होते.

दुसरा उपक्रम ऐकण्याचा आहे. आजीकडून एक कोडे, एक म्हण किंवा जात्यावरची एखादी ओवी ऐकून ती वर्गात सांगावी. पहिली-दुसरीच्या मुलाने ती केवळ सांगावी, तिसरी-चौथीच्या मुलाने लिहून आणावी व म्हण कोणत्या प्रसंगी वापरतात, हेही विचारून यावे. वर्गातील सर्व मुलांच्या नोंदी एकत्र शिवल्या की त्या वर्गाचे स्वतःचे वाचनपुस्तक तयार होते. मुलाने स्वतः सांगितलेला मजकूर वाचणे त्याला सर्वांत सोपे जाते.

वाचनाच्या प्रश्नाचे गांभीर्य येथे नोंदविणे उचित ठरेल. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा निश्चित आहे. परंतु चारपैकी तीन मुले अद्याप मागे आहेत.

४.२ गणित : मराठी संख्यानामांत एक अंगभूत अडचण आहे. 'बावीस' म्हणताना एकक आधी उच्चारला जातो व लिहिताना दशक आधी येतो. 'एकोणतीस' या शब्दात तर 'तीस' ऐकू येते, पण लिहायचे असतात २ आणि ९. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक' अशा वाचनाची जोड देण्यात आली, तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली. त्या वादाच्या तपशिलात न जाताही मुलाची अडचण खरी आहे हे मान्य करावे लागते. घरी यावर सोपा उपाय आहे. तुरीच्या किंवा झाडूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात आणि मोठ्या माणसाने संख्या बोलावी. मुलाने तेवढ्या जुड्या व सुट्या काड्या मांडाव्यात. एकोणतीसला दोन जुड्या व नऊ सुट्या काड्या मांडल्या की आणखी एक काडी आली असती तर तिसरी जुडी बांधता आली असती, हे मुलाला दिसते. 'एकोण' म्हणजे 'एक उणे', हा अर्थ त्याला पाठ करावा लागत नाही.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी घराकडे मोठी संपत्ती आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी पाठ करून घेत असत. अनेक ग्रामीण घरांत अजूनही चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे आढळतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली होते. मुलाने धान्य ओतून हे पडताळले तर चिपटे म्हणजे पाव शेर व मापटे म्हणजे अर्धा शेर, हे त्याच्या हाताला कळते. पायलीत सोळा चिपटी बसतात, हे त्याने मोजण्यापूर्वी अंदाजाने सांगावे. जेथे ही मापे उरली नाहीत तेथे वाटी, पेला व तांब्या पुरेसे आहेत.

भिंतीवरील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब ठेवण्याची पद्धत असंख्य घरांत आहे. तीस दिवसांच्या महिन्यात रोज दीड लिटर दूध घेतले व चार दिवस खाडा झाला, तर सव्वीस दिवसांचे एकोणचाळीस लिटर होते. आई हा हिशोब सव्वीस आणि त्याचे निम्मे तेरा असा तोंडी करते. वर्गात तोच हिशोब २६ × १.५ असा लिहिला जातो. या दोन रीती फळ्यावर शेजारी-शेजारी मांडणे, हाच वर उल्लेखिलेला पूल होय.

४.३ परिसर अभ्यास (विज्ञान) : मटकीला मोड आणणे हे घरोघरी होणारे काम आहे. त्याचा प्रयोग करण्यासाठी केवळ तुलना जोडावी लागते. एका वाटीत कोरडी मटकी, दुसरीत पूर्ण पाण्यात बुडालेली आणि तिसरीत रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधलेली मटकी ठेवावी. दोन दिवसांनी फडक्यातील मटकीला सर्वांत चांगले मोड आलेले दिसतात. बीजाला पाण्याबरोबर हवाही लागते, हा निष्कर्ष मुलाने स्वतः काढावा. दह्याचेही तसेच आहे. मोठ्यांच्या देखरेखीखाली कोमट, फार गरम आणि थंड अशा तीन वाट्यांतील दुधात सारखेच विरजण घातले तर कोमट दुधाचेच दही नीट लागते. 'दूध हाताला सोसेल इतके कोमट हवे' हे आईचे वाक्य म्हणजे सूक्ष्मजीवांच्या वाढीला अनुकूल तापमानाचेच वर्णन आहे.

सावलीचा उपक्रम सुट्टीसाठी विशेष सोयीचा आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा सूर्य डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. राज्याच्या बहुतेक भागांत यातील पहिला दिवस मे महिन्यात येतो. पुण्यात तो साधारणपणे १३-१४ मे रोजी असतो. दुसरा दिवस पावसाळ्यात येत असल्याने ढगांमुळे बहुधा हुकतो. अंगणात काठी रोवून सावलीच्या टोकाला खडे ठेवत गेल्यास सर्वांत आखूड सावली पुण्यात बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास पडते, हे मुलाच्या ध्यानात येते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते व पुणे त्याच्या बरेच पश्चिमेस आहे, हे स्पष्टीकरण पुढील इयत्तांत देता येते. निरीक्षण मात्र चौथीतच होऊन जाते.

४.४ परिसर अभ्यास (इतिहास-भूगोल) : लहान मुलाला 'सन' ही कल्पना अमूर्त वाटते. घरातील माणसांच्या आठवणी तिला आधार देतात. १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जुलै २००५ चा मुंबईतील पाऊस, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर यांपैकी आपल्या भागाशी संबंधित एक घटना निवडावी. त्या वेळी घरातील कोण किती वर्षांचे होते, कोठे होते, काय खात होते, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. दुष्काळी कामावरची खडी, सुकडी व मिलो ज्वारी यांच्या आठवणी अनेक घरांतील वडीलधाऱ्यांकडे आजही आहेत. दोरीवर गाठी मारून, प्रत्येक गाठ दहा वर्षांची धरून, या घटना व घरातील जन्मवर्षे टाचली की कालरेषा तयार होते.

४.५ इंग्रजी : महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तथापि बहुसंख्य घरांत इंग्रजी बोलणारे कोणी नसते, या समजामुळे हा विषय घराबाहेरचा मानला जातो. वास्तविक साबणाचे वेष्टन, बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, विजेचे बिल यांवर इंग्रजी अक्षरे असतातच. ओळखीची अक्षरे शोधणे, बस, टेबल, पेन, डॉक्टर असे बोलण्यात मुरलेले शब्द गोळा करणे आणि त्यांपैकी पाच शब्दांचे स्पेलिंग वर्गात विचारणे, हा उपक्रम निरक्षर पालकाच्या घरीही पार पडतो.

४.६ कला व कार्यानुभव : ठिपक्यांच्या रांगोळीत मोजणी, सममिती व आकृतिबंध एकत्र येतात. पाच ठिपक्यांपासून एकापर्यंत उतरत गेल्यास एकूण ठिपके किती होतील, हा प्रश्न तिसरीच्या मुलाला पुरेसा रंजक वाटतो. दिवाळीतील मातीचा किल्ला हा तर बहुविषयक उपक्रमाचा नमुनाच आहे. त्यात किल्ल्याचा इतिहास, चढ-उतार व पाणवठा यांचा भूगोल, पायऱ्यांचे मोजमाप, अळीव पेरून उगवण्याचे निरीक्षण आणि किल्ल्याविषयी पाहुण्यांना दिलेली माहिती या सर्वांचा समावेश होतो. सुट्टीनंतर शाळेत त्याविषयी पाच मिनिटेही बोलू दिले जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

५. परतीचा टप्पा

वरील प्रत्येक उपक्रमाचे तीन भाग पडतात : कृती, संवाद आणि परत. कृती घरात होते, संवाद घरच्यांशी होतो आणि परत शाळेत होते. सामान्यतः शाळा पहिला भाग सांगते व तिसरा विसरते. मुलाने मोड आणले, पण वर्गात कोणी विचारले नाही, तर ते स्वयंपाकघरातील कामच राहते.

परतीसाठी मोठी व्यवस्था लागत नाही. आठवड्यातून दोन तासिकांच्या आरंभी दहा मिनिटे घरून आलेल्या खुणांसाठी राखावीत. शिक्षकाने तीन-चार मुलांना बोलते करावे, त्यांच्या घरची रीत फळ्यावर लिहावी आणि पुस्तकातील मांडणी तिच्या शेजारी ठेवावी. या नोंदींना गुण देऊ नयेत. गुण आले की उपक्रम पालक करू लागतात आणि मूल प्रेक्षक बनते. दुकानातून तयार मिळणारे 'प्रकल्प' हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

६. मर्यादा व दक्षता

घरगुती उपक्रमांचे गुणगान करताना काही मर्यादांचे भान ठेवावे लागते.

पहिली मर्यादा लिंगभावाची आहे. घरकामातून शिक्षण या नावाखाली मुलींच्या वाट्याला आधीच आलेल्या कामाला शाळेची मान्यता मिळू नये. स्वयंपाकघरातील उपक्रम मुलग्यांनाही तितकेच द्यावेत आणि दुकान, बाजार व शेतीचे उपक्रम मुलींनाही द्यावेत.

दुसरी मर्यादा 'घर' या कल्पनेचीच आहे. ऊसतोडणीच्या हंगामात दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे घर म्हणजे फडावरची कोप असते. वीटभट्टीवरील मुलांची स्थितीही अशीच आहे. भिंत नाही तेथे दिनदर्शिका नाही. तरीही मोळ्यांची मोजणी, वाटेतील गावांची नावे, सावलीची काठी हे उपक्रम तेथेही शक्य आहेत. शिक्षकाने उपक्रम ठरविताना वर्गातील सर्वांत विपन्न घर डोळ्यांसमोर ठेवावे. तेथे जो जमेल, तो सर्वत्र जमेल.

तिसरी मर्यादा अपेक्षांची आहे. कूपर, रॉबिन्सन व पटॉल यांनी २००६ मध्ये केलेल्या संशोधन-आढाव्यात गृहपाठ व संपादणूक यांचा संबंध वरच्या वर्गांच्या तुलनेत प्राथमिक वर्गांत क्षीण आढळला. घरगुती उपक्रमांनीही गुण लगेच वाढतील असा दावा करता येणार नाही. वर्गातील पद्धतशीर वाचन व गणन-अध्यापनाला ते पर्याय नसून पूरक आहेत.

७. अध्यापक-शिक्षणासाठी काही सूचना

डी.एल.एड. व बी.एड. महाविद्यालयांत पाठ टाचण काढून घेतले जाते, पण वर्गातील मुलांच्या घरी काय आहे याची नोंद करून घेतली जात नाही. आंतरवासितेच्या काळात प्रत्येक छात्राध्यापकाने किमान पाच घरांना भेट देऊन तेथील मापे, कामे, शब्द व कौशल्ये यांची सूची करावी आणि त्या सूचीवरून प्रत्येक विषयाचा एक उपक्रम तयार करावा. कला व विज्ञान शाखांच्या प्राध्यापकांनाही येथे वाव आहे. बोलींची शब्दसूची, स्थानिक मापांची नोंद व सावलीची निरीक्षणे हे पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांचे प्रकल्प होऊ शकतात आणि त्यांचे साहित्य जवळच्या प्राथमिक शाळेला देता येते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शाळापूर्व तयारी अभियानातून मातांचे गट उभे राहिले. त्या धर्तीवर चौथीपर्यंतच्या मुलांसाठीही असे गट कार्यरत ठेवता येतील.

८. समारोप

घरगुती उपक्रमांचा प्रश्न हा अंतिमतः घराकडे पाहण्याच्या दृष्टीचा प्रश्न आहे. लेखी गृहपाठ निरक्षर आईला दररोज संध्याकाळी तिच्या मुलासमोर अज्ञानी ठरवितो. दुधाचा हिशोब, विरजणाची ऊब, चिपट्या-मापट्यांची भाषा शाळेने विचारली तर तीच आई त्या संध्याकाळी शिक्षक होते. मुलाला त्यातून गणित किंवा विज्ञान किती मिळेल, हे शिक्षकाच्या परतीच्या दहा मिनिटांवर अवलंबून राहील. परंतु आपल्या घरात शिकण्याजोगे काही आहे, हा विश्वास त्याला मिळेल, आणि प्राथमिक शिक्षणात या विश्वासाचे मोल थोडे नाही.